सदस्यसंख्या तीन

‘एकूण सदस्य : तीन’ असं पडद्यावर आलं, तेव्हा मी चष्मा काढला, बाहीला पुसला आणि परत घातला. तीनच. वडील गेल्यापासून अकरा वर्षं या घरात आम्ही दोघीच राहतो, आई आणि मी. दोन कप, दोन टॉवेल, दारामागे दोन छत्र्या. मोजताना चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही इतकं सोपं घर. आणि सरकारची आरोग्य विम्याची वेबसाइट मला सांगत होती की इथे तिसरं कुणीतरी राहतं. सदस्य क्रमांक एक, कुटुंबप्रमुख, आईचं नाव. सदस्य क्रमांक दोन, माझं. सदस्य क्रमांक तीन, नावाच्या जागी एक आडवी रेघ, आणि तिच्या पुढ्यात लाल अक्षरांची रांग : जन्मतारीख द्या, नाते निवडा, छायाचित्र जोडा, अर्ज अपूर्ण. सकाळी साडेनऊला मी बसले होते, आता पावणेतीन झाले होते. नावनोंदणीची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. मला आधी हसू आलं, मग ती रेघ कुठून आली ते माझ्या लक्षात आलं. ती मीच मारली होती.

त्याला कारण माझी नोकरी. तेहतीस वर्षं मी नगर कार्यालयात आवक विभागात काढली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. खिडकीत येईल तो अर्ज घ्यायचा, तपासायचा, शिक्का मारायचा, वहीत चढवायचा. अर्जात रिकामी जागा सोडायची नाही, लागू नसेल तिथे आडवी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणी तिथे काही घुसडणार नाही, हे माझ्या पहिल्या साहेबांनी पहिल्या दिवशी शिकवलं आणि माझ्या हाताला ते असं बसलं की घरच्या वाणसामानाच्या यादीखालीही मी रेघ मारते. खिडकीपुढच्या लोकांनी माझं नाव रेघबाई ठेवलं होतं. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. ‘रेघबाईंकडून सुटला की अर्ज कुठे अडत नाही,’ असं लोक म्हणायचे. तर आज चौथ्या पानावर ‘इतर सदस्याचे नाव’ असा चौकोन आला. इतर सदस्य नाही. हात आपोआप गेला, रेघ मारली, पुढे गेले. ज्या वेबसाइटनं आईचा फोटो पाच वेळा परत पाठवला, आधी मोठा म्हणून, मग लहान म्हणून, मग चेहरा स्पष्ट नाही म्हणून, जिनं आमच्या पत्त्यातला स्वल्पविराम चालत नाही म्हणून मला पहिल्या पानावर नेऊन सोडलं, तिनं ती रेघ मात्र मुकाट गिळली. गिळली आणि तिचा माणूस केला.

चिडचिड ही माझी जुनी सवय आहे, पण आजची चीड वेगळी होती. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून जन्म काढलेल्या माणसाला खिडकीबाहेर उभं राहणं जमत नाही, तशी ती होती. तरी खिडकीला माणूस असतो. तो जांभई देतो, डबा उघडतो, त्याच्याकडे बघून रागावता येतं. इथे कोणाकडे बघायचं? चित्रांतले वाहतुकीचे दिवे ओळखा आणि तुम्ही यंत्र नसल्याचे सिद्ध करा, असं वेबसाइट सांगायची. मी दिवे ओळखत होते. एका चित्रात दिव्याचा नुसता खांब होता, दिवा वरच्या चौकोनात राहिला होता. आता खांबाला दिवा म्हणायचं की नाही? मी नियमानं चालणारी बाई, खांब सोडला. चूक. पुढच्या वेळी खांब धरला. चूक. तिसऱ्यांदा ती म्हणाली, बराच वेळ हालचाल न झाल्याने आपण बाहेर पडला आहात. मी कुठे बाहेर पडले होते? सकाळपासून मी खुर्चीतून उठले नव्हते, पाठ दगड झाली होती, ताटातलं जेवण गार होऊन तसंच झाकून ठेवलं होतं. बाहेर पडला आहात म्हणे. मी त्या यंत्राला मोठ्यानं शिवी दिली. आमच्या घरात शिवी हा प्रकार नाही, त्यामुळे ती नीट जमलीही नाही.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, “कुणाशी भांडतेयस?”

“कुणाशी नाही. तू पडून राहा.”

“नसेल होत तर सोड ना. या वयात कशाला ती चिरफाड. चाललंय ते चाललंय.”

हे ती गेला महिनाभर म्हणत होती. आई ब्याऐंशीची आहे. हृदयातली एक झडप कडक झालीय, पूर्ण उघडत नाही. न्हाणीपासून पलंगापर्यंत यायला तिला मध्ये दोनदा भिंत धरावी लागते, आणि भिंत धरून ती अशी उभी राहते जणू कॅलेंडर वाचतेय, म्हणजे मला वाटावं तिला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की झडप बदलली तर बरीच वर्षं काढतील, नाही बदलली तर पुढचा हिवाळा कठीण आहे. शस्त्रक्रियेची तारीख विम्याचं कार्ड दाखवल्याशिवाय मिळत नाही, आणि नावनोंदणी वर्षातून एकदाच महिनाभर उघडी असते. तो महिना आज संपत होता. महिनाभर काय झोपा काढल्या, असं कुणी विचारेल. पहिले दहा दिवस वेबसाइट उघडतच नव्हती. पुढचे दहा दिवस आई ‘नको’ म्हणत होती. त्यापुढचे दिवस मी एकेक कागद गोळा केला, कारण अर्धवट कागदांवर अर्ज भरणं माझ्या रक्तात नाही. आईची तयारी अजूनही नव्हती. कपड्याच्या दुकानात पोरीनं हट्ट केला की आई जशी ‘बरं बाई, घे’ म्हणते, तसा तिचा होकार होता. मरायला ती तयार होती म्हणा ना. मीच तयार नव्हते. तिच्यामागे या घरात एक कप, एक टॉवेल, एक छत्री उरेल, याची मला भीती वाटते, हे मी कुणाजवळ बोललेले नाही.

ती रेघ पुसायला गेले. दुसरं नाव लिहिता येत होतं, जागा रिकामी मात्र ठेवता येईना. तिच्यासमोर ‘सदस्य वगळा’ असं बटण होतं. ते दाबलं तर ‘कारण निवडा’ : मृत्यू, विवाह, घटस्फोट. प्रत्येकासमोर ‘दाखला जोडा’. मी कपाळाला हात लावला. रेघेच्या मृत्यूचा दाखला मी कुठून आणू? तेहतीस वर्षांत हजारो दाखल्यांवर शिक्के मारले, त्यांत एकही रेघेचा नव्हता. शेवटी मदत क्रमांकाला फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई सांगायची आणि मग बासरी वाजायची, पुन्हा महत्त्वाचा आहे, पुन्हा बासरी. पस्तीस मिनिटं. एवढं महत्त्व मला हयातीत कुणी दिलं नव्हतं. मग खरी मुलगी आली, आवाजावरून दमलेली, बिचारी सकाळपासून माझ्यासारख्यांनाच तोंड देत असणार. मी सगळं सांगितलं.

“म्हणजे मॅडम, तुम्ही तिसरा सदस्य टाकलाय.”

“मी सदस्य टाकला नाही हो. मी रेघ मारली. लागू नाही म्हणून.”

“लागू नसेल तर रिकामं सोडायचं ना मॅडम.”

रिकामं सोडायचं! मला, रेघबाईला, ही काल लागलेली पोर सांगत होती. अडला हरी.

“बरं, आता काढून टाका तो.”

“आमच्याकडून नाही काढता येत. एकदा नाव घेतलं की सिस्टीम त्याला माणूसच धरते. अर्ज रद्द करून नवीन करता येईल, पण रद्द व्हायला पंधरा दिवस लागतात.”

“आज शेवटची तारीख आहे.”

“हो ना मॅडम.” तिला वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, “असं करा, यादीत खाली जा. अगदी खाली. ‘कुटुंबाशी संबंध उरलेला नाही’ असा पर्याय आहे. त्याला दाखला लागत नाही. फक्त कुटुंबप्रमुखाची संमती. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तो टाकला की झालं.”

मी यादी खाली ओढली. होता. सगळ्यात खाली, लाजून उभा असल्यासारखा. मी तिचे आभार मानले, मनापासून मानले, आणि तो पर्याय निवडला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आतल्या खोलीत आईचा फोन टुणकन वाजला. मी हाक मारली, “आई, मेसेज आलाय बघ. त्यातले आकडे वाच फक्त.” माझी चूक इथे झाली. मी उठून जायला हवं होतं, फोन हातातून घ्यायला हवा होता. पण पाठ दुखत होती, आणि आईला मेसेज वाचायची हौस. फोन कंपनीची जाहिरातसुद्धा ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते, कुणीतरी मुद्दाम आपल्याला लिहिलंय अशा आदरानं. चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. ओटीपीची मुदत तीन मिनिटं असते, पडद्यावर सेकंद उलटे धावत होते, एकशे चाळीस, एकशे वीस.

“आई, आकडे.”

“तिसरा कोण?” आई म्हणाली.

“काय?”

ती सावकाश वाचायला लागली. “आपल्या कुटुंबातील सदस्य क्रमांक तीन यांचा कुटुंबाशी कोणताही संबंध उरलेला नाही, यास आपली संमती असल्यास...” ती थांबली. “तिसरा कोण गं?”

आईला जे कळलं ते मला सकाळपासून कळलं नव्हतं, किंवा मी कळू दिलं नव्हतं. मी आत गेले. ती पलंगावर उठून बसली होती, फोन दोन्ही हातांत, छातीशी.

“आई, ती रेघ आहे. मी चुकून एक रेघ मारली, ते यंत्र तिला माणूस समजतंय. आकडे सांग पटकन.”

“रेघेबद्दल कोण असं विचारतं? संबंध नाही म्हणून?”

“यंत्र विचारतं.”

“मी नाही सांगणार.”

“आई, वेळ संपतोय. तुझ्याच ऑपरेशनसाठी चाललंय हे सगळं. सहा वाजता बंद होईल ते.”

“होऊ दे बंद. मी संमती देणार नाही.” आणि तिनं फोन उशीखाली घातला आणि उशीवर हात ठेवला. ब्याऐंशी वर्षांची बाई, धाप लागलेली, ओठ निळसर, आणि उशीवर तो हात. मला तिचा इतका राग आला की मी पुन्हा बाहेर येऊन खुर्चीत बसले. पडद्यावर शून्य झालं होतं. ओटीपीची मुदत संपली आहे, पुन्हा पाठवायचा का? दुष्काळात तेरावा महिना.

तिसरा म्हणजे भोंगा. माझा भाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी धाकटा, आईचं शेंडेफळ. जन्मल्या दिवसापासून रडण्याचा आवाज असा की वडील म्हणाले, हा गिरणीचा भोंगा आहे, आणि तेच नाव राहिलं. मी त्याला कडेवर घेतलं, अक्षरं शिकवली, त्याच्या शाळेच्या फॉर्मांवर पालक म्हणून सही केली. अभ्यासात यथातथाच, पण जहाजावर जायचं त्याच्या डोक्यात होतं. चोविसाव्या वर्षी एका जहाज कंपनीत त्याची निवड झाली आणि त्यांना रहिवासाचा दाखला हवा होता. दाखल्याचा अर्ज आमच्या कार्यालयात, माझ्याच खिडकीत यायचा. पाच वाजता आवक बंद. तो पाच वाजून दहा मिनिटांनी आला, घामाघूम, कारण कुठल्यातरी साहेबाची सही मिळवायला त्याला अख्खा दिवस लागला होता. त्याच्यामागे रांगेत कुणी नव्हतं. दालनात पंख्याचा आवाज होता आणि शिपाई खिडक्यांना कड्या लावत होता. मी म्हटलं, वेळ संपली. तो हसला. ताई, शिक्का तुझ्या हातात आहे, मार ना. मी म्हटलं, आजच मी तिघांना परत पाठवलंय, मग भावाचा कसा घेऊ? उद्या ये. तो म्हणाला, उद्या चालणार नाही, कंपनीची मुदत उद्या सकाळी दहाची. मी म्हटलं, मग आधी यायचं होतं. आणि मी खिडकीची फळी खाली ओढली. घरी जाताना मला चक्क अभिमान वाटत होता. घरच्या माणसालाही सूट दिली नाही, असं मी मनाशी म्हणत होते. तीन आठवड्यांनी एका पहाटे काम बघायला जातो अशी चिठ्ठी ठेवून तो गेला. महिन्याभरानं एक फोन आला, तो वडिलांनी उचलला, आवाज ओळखला आणि ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला. त्यांचा राग चार दिवसांचा होता, हे मला माहीत आहे, कारण पाचव्या दिवसापासून ते फोनशेजारी खुर्ची टाकून बसायचे. फोन पुन्हा आला नाही. या गोष्टीला बावीस वर्षं झाली.

बावीस वर्षांत फॉर्म किती आले! जनगणना, मतदार यादी, पाण्याची जोडणी, घरपट्टी. प्रत्येकात कुटुंबातील सदस्य. पहिली काही वर्षं आई म्हणायची, त्याचं लिही. मी म्हणायचे, इथे राहणाऱ्यांचंच लिहायचं असतं आई. वडील गेले तेव्हा वारसांच्या अर्जात ‘मुलगे’ असा रकाना होता आणि मी तिथे रेघ मारली. आई शेजारी बसली होती. तिनं ती रेघ बघितली, उठली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती. तेव्हापासून ती लिही म्हणाली नाही. मला वाटलं, तिनं मान्य केलं. मी तर केव्हाच केलं होतं. मनातल्या मनात मी त्याला मेलेला धरून टाकला होता, कारण जिवंत धरला की तो त्या खिडकीबाहेर येऊन उभा राहायचा, घामाघूम. मेलेल्या माणसापुढे फळी ओढली तर फार लागत नाही. हे लिहिताना माझी मला लाज वाटते, पण असं होतं.

पावणेपाच झाले. मी पुन्हा आत गेले. या वेळी चिडून नाही, किंवा चिडूनच, पण हलक्या आवाजात. “आई, तो नाहीये आपल्यात. बावीस वर्षं झाली. एका बटणानं काय फरक पडणार आहे? तुला श्वास घेता येत नाही, आणि तू त्याच्यासाठी अडून बसतेस. ज्यानं एक पोस्टकार्ड टाकलं नाही त्याच्यासाठी.”

“तू खिडकी बंद केलीस तेव्हा मी काही बोलले होते?”

हे तिला माहीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“तुला कुणी सांगितलं?”

“त्यानंच. त्याच रात्री, तू झोपल्यावर. म्हणाला, ताईचं बरोबर आहे, तिला काही म्हणू नकोस. म्हणून नाही म्हटलं.” तिला धाप लागली, तिनं हात वर करून मला थांबवलं आणि श्वास गोळा केला. “तुझं तेव्हाही नियमानं बरोबर होतं. तुझ्या बापाचं रागानं बरोबर होतं. मी एकटी गप्प बसले. आता माझी संमती मागतायत, पहिल्यांदाच कुणीतरी मागतंय, तर मी नाही देणार. मरेन तशीच.”

मी पलंगाच्या कडेला टेकले. तिच्या मानेजवळची शीर उडताना दिसत होती. बावीस वर्षं ही बाई माझ्या हातचा चहा पिते, माझ्याशी बाजारभावांवर वाद घालते, माझे केस विंचरून देते, आणि हे पोटात ठेवून. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. तिचा, त्याचा, त्या वेबसाइटचा, आणि त्या दालनात फळी ओढणाऱ्या, कपाळाला आठ्या घातलेल्या एकोणचाळीस वर्षांच्या शहाण्या बाईचा. तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण घड्याळात पाच वाजत आले होते.

“मग काय करू सांग,” मी म्हटलं.

“त्याचं नाव लिही.”

“आई, खोटं लिहू?”

“खोटं कसलं? आहे ना तो.”

“कुठे आहे?”

“ते मला काय ठाऊक! नाव लिही तू.”

मी आईला आधार देऊन बाहेर आणलं, दोनदा भिंत धरून, आणि खुर्ची ओढून यंत्रासमोर बसवलं. रेघेच्या जागी त्याचं खरं नाव टाइप केलं. बोटं अडखळली, त्या नावानं त्याला घरात कुणी हाक मारलेलीच नव्हती. जन्मतारीख मला पाठ होती. नाते : मुलगा. फोटो नसेल तर ओळखक्रमांक चालेल, असं खाली बारीक अक्षरांत होतं, पण त्याचे कागद तर तो बरोबर घेऊन गेला होता. मी हात टेकले. तेवढ्यात शेजारून आई आकडे म्हणायला लागली. नऊ आकडे, एका दमात नाही, तीन तीन करून, मध्ये श्वास घेत. स्वतःचा फोन नंबर तिला आजवर पाठ झालेला नाही. मी विचारलं, हे कधी पाठ केलंस? ती म्हणाली, हरवला असं सांगायला पोलिसात गेले होते तेव्हा, त्याच्या एका जुन्या अर्जावरून. चार वेळा गेले. तू ऑफिसात असायचीस.

पुढचं पान आलं. सदस्य हयात आहे का? हो, नाही. समोर लाल तारका, म्हणजे सोडता येणार नाही. आणि खाली प्रतिज्ञापत्र : वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे, खोटी आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन. आयुष्यात हजारो लोकांना मी हे वाक्य बोटानं दाखवलं होतं, वाचा आणि मगच सही करा म्हणून. माझ्या माहितीप्रमाणे काय खरं होतं? मला काहीच माहिती नव्हती. बावीस वर्षांत मी माहिती करून घेतली नव्हती. आई पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी ‘हो’ वर खूण केली. मग फोन वाजला, आईनं चष्मा लावला, मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, सहा आकडे सांगितले, आणि मी ते टाकून ‘सादर करा’ दाबलं. साडेपाच झाले होते. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरत राहिला. आई म्हणाली, काय करतंय ते? मी म्हटलं, तपासतंय. ती म्हणाली, तपासू दे, घाई नको करूस त्याला.

गोल थांबला. वर हिरवी पट्टी आली, खाली लाल. मी आधी लाल वाचली, सवयीनं. ‘सदस्य क्रमांक तीन : हा ओळखक्रमांक अन्य कुटुंबात कुटुंबप्रमुख म्हणून चालू वर्षी नोंदलेला आहे. त्या कुटुंबाची सदस्यसंख्या : चार. एका व्यक्तीची नोंद दोन कुटुंबांत करता येत नसल्याने हे नाव आपल्या अर्जातून वगळण्यात आले आहे.’ मग हिरवी. ‘आपला अर्ज मंजूर झाला आहे. सदस्यसंख्या : दोन.’

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता येईना, अक्षरं पाण्यात गेली. चालू वर्षी. म्हणजे याच महिन्यात कधीतरी, कुठल्यातरी घरात, माझा भाऊ याच पानांपुढे बसला होता, हेच दिवे आणि खांब ओळखत होता, पोरांचे फोटो परत येत होते म्हणून वैतागत होता. चार माणसांचा एवढा फॉर्म भरायला त्याला सवड होती आणि आईला दोन ओळी लिहायला नव्हती? वडील फोनपाशी बसून बसून गेले! मला त्याला शोधून थोबाडीत मारावीशी वाटली. आणि तो आहे, तो कुठेतरी आहे, चोविसाचा सेहेचाळीसचा होऊन, पोटबिट सुटून आहे, हे कळून मी पडद्यावरच्या ‘चार’ या शब्दावर बोट टेकवून धरलं.

“झालं का?” आई म्हणाली.

“झालं. तुझं आणि माझं.”

“आणि त्याचं?”

हे सांगणं थोपवून धरता आलं असतं. डॉक्टरांनी तिला धक्का देऊ नका असं बजावलं होतं. मी म्हटलं, “त्याचं आधीच झालंय, आई. त्यानं वेगळा भरलाय. चौघांचा.”

तिनं डाव्या हाताचं एक बोट दुमडलं, मग दुसरं, मग एकदम दोन. “तो, बायको, दोन मुलं,” ती स्वतःशी म्हणाली. मला भीती वाटली, मी तिचा हात धरला, नाडी जोरात चालली होती. “पत्ता दिलाय?”

“नाही. दुसऱ्यांचा पत्ता दाखवत नाहीत.”

“नसू दे.” तिनं दारामागच्या छत्र्यांकडे बघितलं. मग तिनं हात सोडवून घेतला, साडी गुडघ्यावर सारखी केली, आणि महिनाभरात पहिल्यांदा माझ्यावर डाफरली. “बघत काय बसलीस? दवाखान्याचं ऑफिस सहापर्यंत असतं ना? फोन लाव. म्हणावं कार्ड झालंय, जवळातली जवळची तारीख द्या. शोधायचंय त्याला, त्याला वेळ लागेल.”